उपाशी ठेवायच्या माशा

२ फेब्रुवारी

नव्या डॉक्टरीणबाई आज प्रयोगशाळेत रुजू झाल्या. चाळिशीच्या आतबाहेर असतील. केस कापलेले, पायांत पळायचे बूट. दारातूनच म्हणाल्या, "ताई, तुमच्याबद्दल फार ऐकलंय."

मला इथे शिपायापासून सरांपर्यंत सगळे बाई म्हणतात. ताई कुणी म्हणत नाही.

"काय ऐकलंत?"

"हेच, की तुम्ही माशांना स्वतःच्या हातावर वाढवलंत." मग माझ्या हाताकडे बघत राहिल्या, दुकानात कापडाचा पोत बघावा तशा. मी बाही खाली ओढली.

माशीखोली मीच दाखवली. दोन दारं, मध्ये काळा पडदा, आत लाल दिवा आणि न्हाणीघरासारखी ओल. मलमलीचे पिंजरे, तळाला प्लास्टर ओतलेले डबे, डब्यांत अळ्या. वाळूमाशी म्हणजे डासाहूनही लहान जीव, फुंकर मारली तर जाईल असा. रक्त पितात त्या फक्त माद्या, तेही अंड्यांसाठी. बाहेरच्या वाळूमाशीच्या पोटात काळ्या आजाराचे परजीवी असू शकतात. आमच्या माशा पिढ्यान्‌पिढ्या याच खोलीत जन्मलेल्या, स्वच्छ. त्या चावल्या तर खाजेपलीकडे काही होत नाही. म्हणून तर दर सोमवारी मी पिंजऱ्यात हात घालून बसते आणि त्या जेवतात.

"दुखत नाही?"

"सवय आहे."

"किती वर्षं करताय?"

"माझे केस काळे होते तेव्हापासून."

त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

५ फेब्रुवारी

आज खोकी आली. आत काचेचे पेले. ते उलटे टांगायचे, तोंडाला कोंबडीच्या पिल्लाची कातडी ताणून बांधायची, आत खाटकाकडून आणलेलं रक्त, भोवती कोमट पाणी फिरत राहतं. माशांनी त्यालाच हात समजायचं. मी मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंचं नाव काचवाली ठेवून टाकलं.

सरांसमोर ती म्हणाली, "ताईंच्या हातावर जेवलेल्या माशा अंडी कमी घालतात. ताईंच्या रक्ताला माशीची थुंकी ओळखीची झालीय. ते रक्त माशांना मानवत नाही."

मानवत नाही! पोरं वाढवून झाल्यावर आईला सांगावं की बाई, तुझं दूध बरं नव्हतं.

मला वाटलं सर काहीतरी बोलतील. सर प्रमुखपदावरून निवृत्त झाले तरी सल्लागार म्हणून रोज येतात आणि बोलायला ते कुणाला भीत नाहीत. पण त्यांनी चष्मा वर ढकलला आणि म्हणाले, "बरोबर आहे."

मिशनच्या शाळेत मदर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर विचारायच्या, आज कुणाच्या मनात कुणाविषयी वाईट आलं? हात वर करा. आज मी दोन्ही हात वर केले असते.

९ फेब्रुवारी

हात न घालता गेलेला पहिला सोमवार.

माशा काचेवर बसल्या. लगेच नाही, पण बसल्या. पोटं लाल झाली. मी लाल दिव्यात उभी राहून बघत होते. काचवाली कुजबुजली, "बघा ना ताई, किती छान पितायत!" मी म्हटलं, "हो."

पूर्वी सोमवारी मी आत बसले की सर पडद्याबाहेर खुर्ची टाकून मला पेपर वाचून दाखवायचे, कारण माझा हात अडकलेला. बातम्या संपल्या की छोट्या जाहिराती.

"बाई, जुना पियानो विकणे आहे. घ्यायचा का?"

"ठेवायचा कुठे, सर?"

"माशीखोलीत. माशांना संगीत आवडेल."

हा विनोद आम्ही वर्षानुवर्षं केला. कुठल्या पेपरात दर आठवड्याला पियानोची जाहिरात येते, असा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. आज पडला.

१३ फेब्रुवारी

सर तिला "अगं" म्हणतात. "अगं, हे बघितलंस का?" येऊन दोन आठवडे झाले नाहीत तिला. मला इतक्या वर्षांत "अहो बाई" आणि "तुम्ही". मी त्याला नेहमी आदर समजत आले.

धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणजे माझी बहीण. नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहते आणि घरात तिच्या जिभेला सुट्टी नसते.

"अक्का, तुला नक्की कशाचा राग आलाय? माशा काचेवर बसल्या त्याचा, की सर तिच्यापाशी बसले त्याचा?"

"काहीतरीच बोलू नकोस."

"मी कुठे काय बोलले? मी फक्त विचारलं."

"शोभत नाही या वयात."

"कुणाच्या वयात? त्यांच्या की तुझ्या?"

मी उठून कपडे वाळत घातले. ते आधीच वाळलेले होते.

२४ फेब्रुवारी

काचवालीने आज माझं रक्त मागितलं. एक नळी, म्हणे, तुलनेसाठी. मी नाही म्हटलं. हात काढून घेतला, ऑगस्टअखेर नोकरीही संपेल, आता रक्त तेवढं राहिलं होतं.

तशी माझी रक्त द्यायला हरकत नसते. दर वर्षी वाढदिवसाला सर स्वतः माझं रक्त काढायचे. तब्येतीवर लक्ष हवं म्हणायचे. सुई टोचताना तोंड दुसरीकडे फिरवायचे, जसं काही त्यांनाच टोचणार आहे. नंतर बिस्किटांचा पुडा द्यायचे, तो मी घरी आणून दिवसाला एक असा पुरवत असे. अशी काळजी माझी दुसऱ्या कुणी केलेली नाही. ते रक्त आणि हे रक्त एक नाही.

३ मार्च

लसीची बैठक झाली. सगळ्यांनाच नीट समजावं म्हणून काचवाली सोप्या शब्दांत बोलली. बोलते चांगलं, हे लिहायला हवं.

काळ्या आजाराचा परजीवी फार चिवट. औषधाने माणूस बरा झालासा वाटतो आणि तो आपला शरीरात दडून बसलेला असतो. त्याच्यावर थेट लस करायचे प्रयत्न कितीदा फसले. हिची लस परजीवीची नाहीच, माशीच्या थुंकीतल्या एका प्रथिनाची आहे. शरीराला थुंकी ओळखीची झाली, की माशी चावल्याबरोबर तिथे फौज गोळा होते. त्या गर्दीत परजीवीला पाय रोवता येत नाही.

स्वयंसेवकांना दोन सुया टोचून झाल्यात. निम्म्यांना लस, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते बंद पाकिटात. सतरा तारखेला आमच्या स्वच्छ माशा त्यांच्या हातावर चावतील. दोन दिवसांनी लाल चट्टा उठला तर शरीराने थुंकी ओळखली. नाही उठला तर सगळा खटाटोप वाया, देखरेख करणारी समिती हे काम बंद करणार. त्यासाठी दोन पिंजऱ्यांतल्या माशांना फक्त साखरेचं पाणी द्यायचं, रक्ताचा थेंब नाही. भुकेल्या असल्या तरच चावतील.

"ते ताई बघतील," काचवाली म्हणाली. "माशा त्यांचंच ऐकतात."

हे ती टोमणा म्हणून म्हणाली की कसं, ते कळलं नाही.

मला बैठकीत माझ्या बाकावरची मुलगी आठवत होती. शाळेत आम्ही दोघी शेजारी बसायचो. तिला ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट फ्रॉकमधून पुढे आलेलं, हातपाय काड्या. मुली हसायच्या, मदर रागवायच्या. एका सुट्टीनंतर ती आलीच नाही. तिची रंगीत खडूंची पेटी माझ्याकडे राहिली. या नोकरीचं मी कुणाला कधी कारण सांगितलं नाही, पण होतं ते हे.

१२ मार्च

आज मी एक गोष्ट केली. लिहू की नको असं झालंय. लिहिते.

दुपारी चहाला गेले तर खिडकीपाशी सर आणि काचवाली. सरांच्या हातात पेपर. ते तिला वाचून दाखवत होते. जाहिरातच होती की नाही देव जाणे, पण ती खळखळून हसली आणि सरही हसले.

मी चहा न घेता माशीखोलीत आले. त्या दोन पिंजऱ्यांत माशा मलमलीला चिकटून बसल्या होत्या. मी जवळ गेले तशा माझ्या श्वासाच्या दिशेने सरकल्या. सगळ्या. काचेकडे अशी कधी एकही सरकलेली नाही. मी बाही वर केली आणि आधी एका पिंजऱ्यात, मग दुसऱ्यात हात घातला.

नेहमी मी त्यांच्यासाठी बसते. आज त्या माझ्यासाठी बसल्या.

१७ मार्च

माशा चावल्या नाहीत.

चावणार कशा? प्यायलेलं रक्त जिरून त्याची अंडी होत होती पोटात. अंडी घातल्याशिवाय त्या कुणाकडे ढुंकून बघत नाहीत. सकाळी काचवालीने भिंगातून पाहिलं. "पोटं फुगीर दिसतायत. साखरेचं पाणी जास्त प्यायल्या का? ठीक आहेत ना, ताई?"

मी म्हटलं, "ठीक आहेत."

स्वयंसेवक ओळीने बसले होते. प्रत्येकाच्या हातावर पट्ट्याने बांधलेली जाळीची डबी, डबीत माशा. शिवणकाम करणारी एक तरुण मुलगी डोळे मिटून बसलेली. एक जाडजूड बसचालक सारखा डबीत डोकावत होता.

"अहो, चावत का नाहीत या? माझं रक्त गोड आहे, बायको म्हणते."

"बायकोला कसं ठाऊक?" शिवणवालीने डोळे न उघडता विचारलं. सगळे हसले. काचवालीही हसली, पण डबी धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती.

तास गेला. दोन-चार माशा चावल्या असतील. सगळ्यांना घरी पाठवलं.

१८ मार्च

व्हरांड्यात सगळ्यांच्या तोंडी एकच, काचेवर वाढवलेल्या माशा नेभळट निघाल्या. शिपाई मला म्हणाला, "बाई, तुमच्या हाताची सर नाही त्या काचेला." मी त्याला माझ्या डब्यातली पोळी दिली.

आज छान झोप लागेल असं वाटतंय.

२० मार्च

लागत नाही.

२१ मार्च

शनिवारी सहसा कुणी येत नाही. मी माशीखोलीत गेले तर काचवाली आधीच आत. तिने त्या दोन पिंजऱ्यांतले डबे लाल दिव्याखाली मांडले होते. ओल्या प्लास्टरवर काळे बारीक दाणे, जिऱ्याहून लहान.

"अंडी आहेत, ताई."

मी बाही खाली ओढली.

"रक्ताशिवाय अंडी होत नाहीत. तुम्हीच मला शिकवलंत ते, पहिल्या दिवशी."

"मग?"

"मग काही नाही. माझ्या आधी लक्षात आलं नाही, माझी चूक. तुमच्याकडून हात काढून घेतला, पण तुम्हाला कारण नीट सांगितलंच नाही." ती स्टुलावर बसली. "ताई, ही लस कुठून आली माहितीय? तुमच्या रक्तातून. सरांनी दर वर्षी साठवलेल्या नळ्या आहेत शीतपेटीत. थुंकीत कितीतरी प्रथिनं असतात, त्यांतलं नेमकं कुठलं उपयोगाचं ते तुमच्या रक्ताने दाखवलं. मी इथे आले ती त्या नळ्यांसाठी. तुम्हाला भेटायला."

म्हणजे वाढदिवसाचं रक्त ते हे. संमतीच्या कागदावर सही माझीच असणार, मी तो वाचला नसणार. सरांनी पुढे केलेला कागद मी कधी वाचलेला नाही. म्हणजे ती काळजी नव्हती तर. बिस्किटं मी उगाच पुरवून खाल्ली.

मी एवढंच विचारलं, "कितवा नंबर माझा? नळ्यांवर नंबर टाकतात ना?"

"नंबरच टाकायचा असतो," ती म्हणाली. "पण तुमच्या नळ्यांवर सरांनी नुसतं 'बाई' लिहिलंय. प्रत्येक नळीवर."

नियमाबाहेरचं आहे हे. सरांसारख्या काटेकोर माणसाने असं का करावं, कळत नाही.

२३ मार्च

समिती आली. काचवाली उभी राहून म्हणाली, "माशा उपाशी ठेवण्यात माझ्याकडून ढिलाई झाली, जबाबदारी माझी." समितीतल्या गृहस्थांनी तिला नको नको ते ऐकवलं. सगळ्यांसमोर. ती मान खाली घालून उभी. माझं नाव नाही घेतलं.

शेवटी एक संधी दिली. एप्रिलमध्ये पुन्हा, तेव्हाही माशा चावल्या नाहीत तर काम बंद.

घरी येऊन धाकटीला सगळं सांगितलं. वाटलं होतं तोंडसुख घेईल.

"चांगली आहे की गं ती," म्हणाली.

"तेच तर! सरांसमोर मोठेपणा तिने घ्यायचा आणि मी जन्मभर तिच्या उपकारात राहायचं? सर आता तिला आणखीच डोक्यावर घेतील."

"मग काय करणार आहेस?"

"सांगून टाकणार. उद्याच. बघू मग कोण मोठं ते."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. "अक्का, कबुलीसुद्धा तू चढाओढीने देणार?"

२४ मार्च

सरांच्या खोलीत गेले. काचवाली तिथेच होती, बरंच झालं. उभ्या उभ्या सांगितलं. माशांना मी जेवू घातलं, या बाईंचा काही दोष नाही. सतरा तारखेला सकाळी यांनी विचारलं तेव्हा खोटंही बोलले.

"तू?" सर म्हणाले. "तू केलंस हे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू म्हणाले, ते असं.

"का?"

तुम्ही तिला पेपर वाचून दाखवत होता म्हणून, हे कसं सांगणार? मी म्हटलं, "भुकेल्या होत्या."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. मग हात पुढे केला. मला आधी कळेना. किल्ली मागत होते, माशीखोलीची. माझ्या गळ्यात ती इतकी वर्षं आहे की साखळीचा वण पडलाय. काढताना केसांत अडकली. काचवाली उठून सोडवायला आली, मी तिला सोडवू दिली.

सर रागात होते. पण किल्ली टेबलावर ठेवली नाही. मुठीत धरून बसले.

८ एप्रिल

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नव्हतं. अळ्यांना खायला घालायचं खत चाळलं, डबे धुतले. किल्ली काचवालीकडे असते. सर माझ्याशी बोलत नाहीत.

आज ती म्हणाली, "ताई, उद्या स्वयंसेवकांच्या ओळीत एक हात कमी आहे. वर्षानुवर्षं माशा चावलेला. कसा चट्टा यायला हवा ते दाखवणारा. समितीला मी सांगितलंय, त्याशिवाय मोजणार कशाशी?"

"माझ्यावर भरवसा ठेवाल?"

"हातावर ठेवीन," म्हणाली. तोंड आहे तिला, धाकटीसारखंच.

९ एप्रिल

मी ओळीच्या टोकाला बसले. डबी हातावर. सगळ्यांच्या चावून झाल्या तरी माझ्या माशा डबीभर हिंडत होत्या, निवांत. या माशा काचेवर वाढलेल्या माद्यांच्या लेकी, मला ओळखत नव्हत्या. हे बोचलं. मग एक बसली. मग दुसरी.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पेपर उलगडला गेला.

"बाई," सरांचा आवाज आला, "जुना पियानो विकणे आहे."

माझी मान वळत नव्हती, डबी हलली असती. "ठेवायचा कुठे, सर?"

पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. "तेच विचारायचं होतं," म्हणाले. "ऑगस्टनंतर."

ऑगस्टनंतर माशीखोलीत मी नसणार, हे मला ठाऊक आहे. मुद्दाम आठवण करून द्यायची काय गरज होती? घरी धाकटीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारून घेतला आणि का ते सांगेना.

११ एप्रिल

सगळे पुन्हा आले. काचवाली पट्टी घेऊन एकेकाचा हात मोजत होती. पाकिटं उघडली नाहीत, त्यामुळे कुणी काही बोलायचं नाही असं तिनेच बजावलं होतं. पण तीच एकेक हात दोनदोनदा मोजत होती, सगळ्यांना दिसत होतं.

बसचालकाच्या हातावर नुसते ठिपके. "मला का नाही आलं?" तो रुसला. "त्या पोस्टमनला बघा केवढं आलंय!"

शिवणवाली माझ्या शेजारी बसली होती. तिने बाही वर केली. लाल चट्टा, मधे घट्ट गाठ, कडेला फिकट गुलाबी. मी माझी बाही वर केली. काचवालीने आमचे दोन हात शेजारी शेजारी धरले. माझा सुरकुतलेला, डागांनी भरलेला. तिचा तरणाताठा. चट्टे एकाच साच्यातून काढावेत तसे. काचवालीने पट्टी खाली ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. सर तिच्याकडे बघत नव्हते. आमच्या हातांकडे बघत होते.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला नाही, निदान लगेच नाही. मला जे यायला सगळे सोमवार लागले, ते या पोरीला दोन सुयांत आलं. उद्या कुणालाही येईल. बाकावर शेजारी बसणाऱ्या कुठल्याही मुलीला येईल. मग माझ्या हातात वेगळं असं काय उरलं? पोटात दुखलं, ते इथे लिहून ठेवते.

तेवढ्यात शिवणवाली नखांनी चट्टा खाजवायला लागली, अगदी अधाशासारखी. मी तिचा हात धरला.

"खाजवू नका. ओला रुमाल दाबून धरा, असा, तळव्याने. उद्या जास्त खाजेल, परवा उतरेल. झोपताना हात उशीवर उंच ठेवा."

"तुम्हाला कसं माहीत?"

मी रुमाल भिजवून तिच्या हातावर दाबला आणि तिची खाज उतरेपर्यंत तसाच धरून बसले. हे तेवढं तिला कुणी टोचून दिलेलं नव्हतं.